कलिनरी स्कूल संपल्यावर पहिलं किचन कसं निवडायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तीन वर्षांचा कोर्स नुकताच संपलाय आणि हातात दोन नोकऱ्या आहेत. एक मोठ्या हॉटेलात कॉमीची, म्हणजे किचनच्या सगळ्यात खालच्या पायरीवरच्या शिकाऊ स्वयंपाक्याची. पगार कमी, पण पहिल्या दीड वर्षात किचनच्या चार सेक्शनमधून (विभागांतून) फिरवू असं त्यांनी सांगितलंय. दुसरी सहा जणांच्या छोट्या रेस्तराँमध्ये. तिथे थेट ‘ज्युनियर सू शेफ’चं पद (सू शेफ म्हणजे हेड शेफच्या खालचा दुय्यम) आणि पगारही बरा, पण बरेचसे सॉस आणि स्टॉक (हाडं, भाज्या उकळून काढलेला रस) तयार विकत येतात. वर्गातले काही जण क्रूझवर निघालेत. यातलं काय घ्यावं आणि हेड शेफ व्हायला किती वर्षं लागतील, हे तुम्हाला जाणून घ्यायचंय.

हॉटेल घ्या. हॉटेल मोठं आहे म्हणून हे सांगत नाही. मोठ्या हॉटेलातही वर्षभर नुसती सॅलडची पानं निवडत बसलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि आठ जणांच्या किचनमधून घडून आलेले उत्तम शेफही पाहिले आहेत. फरक पडतो तो दोनच गोष्टींनी : तिथे तुमच्या हाताखालून मुळापासून काय काय जाणार, आणि तुमचं काम रोज चाखून ‘हे चुकलंय, पुन्हा कर’ असं सांगणारं कोणी शेजारी उभं असणार का. तयार सॉसचं पाकीट फोडणाऱ्या किचनमध्ये ‘सू शेफ’ म्हणून दोन वर्षं काढली, तर तिसऱ्या वर्षी दुसरीकडे ट्रायलला, म्हणजे नोकरीआधीच्या कामाच्या चाचणीला, उभं राहिल्यावर हात उघडे पडतात. आणि एकदा वरचं पद घेतलं, की खाली येऊन शिकायला मन तयार होत नाही, घरखर्चही तेवढ्यावर बेतलेला असतो.

शाळेत तुम्ही एखादा पदार्थ दोनदा-तीनदा केला असेल. तेव्हा वेळ होता, समोर शिक्षक होते आणि एकच प्लेट सजवायची होती. धंद्यातलं काम वेगळं आहे. तोच पदार्थ शनिवारी रात्री सत्तराव्यांदा जायचा आहे. डाव्या हाताला तीन तिकिटं, म्हणजे ऑर्डरच्या चिठ्ठ्या, लागलेली आहेत, ग्रिलवाला ‘दोन मिनिटं’ म्हणतोय आणि पासवरून, म्हणजे तयार प्लेट्स जिथून बाहेर जातात त्या काउंटरवरून, तुमच्या टेबलाचा पुकारा झालाय. त्या प्लेटमधलं मीठ, तापमान, भाजणी पहिल्या प्लेटसारखीच हवी. पैसे देणाऱ्या माणसाने पहिली प्लेट पाहिलेलीच नसते, त्याच्यासाठी त्याची प्लेट हीच एकमेव. हे सातत्य हीच शेफची खरी कमाई आहे. ते फक्त पुनरावृत्तीने येतं आणि पुनरावृत्तीसाठी गर्दीचं किचन लागतं. म्हणून रात्रीला वीस माणसं जेवणारी सुंदर जागा पहिल्या वर्षासाठी मला अपुरी वाटते.

किचनची उतरंडही समजून घ्या. ऑग्युस्त एस्कोफिए हा फ्रेंच शेफ १८७०च्या युद्धात लष्कराचा स्वयंपाकी होता. १८९०पासून लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलचं किचन चालवताना त्याने कामाची काटेकोर विभागणी केली : सॉस एकाकडे, मासे एकाकडे, भाजणं एकाकडे, थंड पदार्थ एकाकडे. एकाच प्लेटचे भाग एकाच वेळी वेगवेगळ्या हातांत तयार होऊ लागले, म्हणून गरम प्लेट लवकर बाहेर पडू लागली. आजही कॉमी, डेमी शेफ द पार्ती (सेक्शन-प्रमुखाचा मदतनीस), शेफ द पार्ती (सेक्शनचा प्रमुख), सू शेफ, हेड शेफ ही पायरी त्याच रचनेतून आलेली आहे. साधारणपणे कॉमी म्हणून एक ते दोन वर्षं, मग सेक्शन स्वतंत्रपणे सांभाळायला आणखी दोन-तीन, त्यानंतर सू शेफ. हेड शेफ व्हायला आठ ते बारा वर्षं हा प्रामाणिक अंदाज आहे. काही जण पाच वर्षांत होतात. त्यांतल्या बऱ्याच जणांना रश येतो तेव्हा खालच्या सेक्शनला मदतीला उतरता येत नाही, आणि टीमला ते पहिल्याच आठवड्यात कळतं.

आता ट्रायलबद्दल, कारण तिथेच नोकरीचा खरा निर्णय होतो. ट्रायल दोन्ही बाजूंची असते. ते तुम्हाला बघतात, तसं तुम्हीही बघा. सकाळच्या तयारीपासून रात्रीच्या साफसफाईपर्यंत एक पूर्ण दिवस मागून घ्या. वॉक-इनमध्ये, म्हणजे आत चालत जाता येईल अशा मोठ्या शीतखोलीत, गेल्यावर प्रत्येक डब्यावर नाव आणि तारीख आहे का? कच्चं चिकन खालच्या फळीवर आणि तयार अन्न वर आहे ना? हाडं आणि भाज्यांचे शेंडे-बुडखे स्टॉकच्या पातेल्यात जातात की थेट कचऱ्यात? स्टाफचं जेवण कसं आहे आणि लोक ते बसून खातात की उभ्याउभ्या? स्वतःच्या माणसांना बेचव उरलंसुरलं वाढणारं किचन पाहुण्यांच्या ताटाची काळजीही फार दिवस घेत नाही, असा माझा अनुभव आहे. भांडी घासणाऱ्या माणसाशी सू शेफ कसा बोलतो ते कान देऊन ऐका. रश शिगेला असताना आवाज चढतो, ते समजू शकतं. पण सूचना स्पष्ट येतात की नुसत्या शिव्या, हे बघा. शेवटी एखाद्या कॉमीला हळूच विचारा, ‘तू इथे किती दिवस आहेस आणि तुझ्या आधी या जागी कोण होतं?’ दर चार महिन्यांनी माणूस बदलत असेल, तर त्यामागचं कारण तुमच्याही वाट्याला येणार.

ट्रायलच्या दिवशी फार काही करून दाखवायला जाऊ नका. जे सांगितलं तेवढंच, स्वच्छ आणि मापात. ओल्या फडक्यावर कटिंग बोर्ड घट्ट बसवणं, कापून झालं की लगेच पुसणं, गरम तवा घेऊन मागून जाताना मोठ्याने सांगणं, चाखायला दर वेळी नवा चमचा घेणं, एवढ्यावरूनच अनुभवी माणसाला अंदाज येतो. मी स्वतः ट्रायल घेतो तेव्हा उमेदवाराने केलेला पदार्थ शेवटी बघतो. त्याआधी त्याचं टेबल बघतो.

नोकरी लागल्यावर पहिले सहा महिने तुमचं मुख्य काम मिझाँ प्लास, म्हणजे जेवणाच्या वेळेआधीची सगळी तयारी. पाच मिलिमीटरचे कांद्याचे तुकडे म्हणजे पाचच, तीन नाहीत आणि आठही नाहीत, कारण आकार बदलला की शिजण्याची वेळ बदलते आणि पुढच्या माणसाचा अंदाज चुकतो. रोजच्या कामाला घड्याळ लावा. पाच किलो कांदा आज पन्नास मिनिटांत झाला, तर पुढच्या महिन्यात पस्तीसमध्ये कसा होईल ते शोधा. वेग हात जोरात हलवून येत नाही. सालं टाकायचं भांडं कुठे ठेवलं, कापलेला माल कोणत्या बाजूला सरकवला, एकेक कांदा शेवटपर्यंत नेला की सगळे आधी सोलले, मग सगळे अर्धे केले, यातून तो येतो. सुरी रोज स्टीलवर, म्हणजे धार सरळ करायच्या सळईवर, फिरवा आणि आठवड्यातून एकदा तरी दगडावर लावा. हजार ग्रिटचा, म्हणजे मध्यम खरखरीत, एक दगड सुरुवातीला पुरेसा आहे. वीस सेंटिमीटरची एक चांगली शेफ नाइफ, एक छोटी पॅरिंग नाइफ आणि एक दाते असलेली, एवढ्यावर पहिली दोन वर्षं आरामात जातात. सुऱ्यांच्या महागड्या संचात पैसे घालू नका, तेच पैसे चांगल्या बुटांत घाला.

खिशात वही ठेवा आणि तिच्यात ग्रॅम लिहा. ‘थोडं मीठ’, ‘चवीपुरतं आम्ल’ असं लिहिलेली रेसिपी सहा महिन्यांनी तुम्हालाच उलगडणार नाही. एक लिटर सॉसला किती मीठ, आटवल्यावर किती उरलं, पातेलं केवढं होतं, आच कशी होती, हे सगळं टिपा. प्रश्न विचारायची वेळ सर्व्हिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या प्लेट्स जात असताना, नसते. सर्व्हिस संपून टेबलं पुसताना विचारा, शेफही तेव्हा बोलायच्या मनःस्थितीत असतो. आणि चाखा, सतत चाखा. शिजताना एकदा, आटल्यावर एकदा, वाढायच्या तापमानाला एकदा. थंड झाल्यावर गोडी कमी जाणवते, म्हणून गरम मिश्रणाला बरोबर वाटलेली साखर आइस्क्रीममध्ये कमी वाटते. सॉस अर्धा आटला की त्यातलं मीठ तेवढंच राहून चव दुपटीने खारट होते, म्हणून मीठ शेवटी. सपक लागलं की नवशिक्याचा हात मिठाकडेच जातो, बऱ्याचदा तिथे आम्लाचे चार थेंब पुरतात. ही जीभ पुस्तकातून येत नाही. रोज शेफच्या बाजूला उभं राहून, ‘आता कसं लागतंय?’ या प्रश्नाचं उत्तर देत देत ती घडते. सुरुवातीला ज्या ‘शेजारी उभ्या असलेल्या माणसा’बद्दल बोललो, तो या कामासाठी हवा.

अन्नसुरक्षेचा विषय मुलं परीक्षेपुरता करतात आणि विसरतात. तो करिअरचा पाया आहे, कारण एक विषबाधा किचन बंद पाडू शकते. ५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात जिवाणू झपाट्याने वाढतात, अनुकूल परिस्थितीत दर वीस मिनिटांनी दुप्पट होऊ शकतात. म्हणून गरम अन्न ६०च्या वर, थंड ५च्या खाली, आणि पोल्ट्रीच्या आतल्या भागाचं तापमान ७४ अंश. सगळ्यात जास्त हयगय होते ती थंड करताना. वीस लिटरचा स्टॉक पातेल्यासकट फ्रिजमध्ये ढकलला, तर मधला भाग रात्रभर कोमट राहतो. तो उथळ भांड्यांत काढा, बर्फाच्या पाण्यात ठेवून ढवळा, दोन तासांत २१ अंशांपर्यंत आणि पुढच्या चार तासांत ५पर्यंत आणा. ॲलर्जीचंही तसंच. युरोपीय महासंघाच्या कायद्यात १४ ॲलर्जन, म्हणजे ॲलर्जी होऊ शकते असे घटक, ग्राहकाला सांगणं बंधनकारक आहे. तुम्ही कुठेही काम करा, ते १४ पाठ करा. परदेशात मुलाखत झाली तर उपयोग होईल, आणि त्याआधीच एखाद्या पाहुण्याचा जीव वाचेल.

आता हिशेब. हेड शेफ होण्याच्या वाटेवर बहुतेक चांगले स्वयंपाकी इथेच अडतात, म्हणून यावर थोडं थांबतो. समजा, अख्खा मासा किलोला १०० दराने आला आणि दहा किलो घेतला. डोकं, काटे, कातडी काढून साडेचार किलो फिले मिळाली. खर्च झाला १०००, म्हणजे फिलेचा खरा दर किलोला साधारण २२२. एका प्लेटला १८० ग्रॅम म्हणजे ४०. सॉस, भाजी, लोणी, तेल धरून आणखी १४. प्लेटचा खर्च ५४. फूड कॉस्ट, म्हणजे विक्रीच्या किमतीतला मालाच्या खर्चाचा वाटा, ३० टक्के ठेवायची असेल, तर ५४ला ०.३ने भागा, किंमत १८०. बहुतेक रेस्तराँमध्ये फूड कॉस्ट २८ ते ३५ टक्क्यांच्या आसपास ठेवायचा प्रयत्न असतो. त्यात पगार मिळवले की विक्रीचा निम्म्याहून बराच जास्त भाग तिथेच संपतो, उरलेल्यात भाडं, वीज, गॅस, कर आणि मग नफा. आता बघा, सेक्शनवरच्या मुलाने १८०ऐवजी डोळ्यांच्या अंदाजाने २०० ग्रॅम कापले. रात्रीच्या ८० प्लेट्सना मिळून १.६ किलो फिले जास्त गेलं, म्हणजे साडेतीन किलोहून जास्त अख्खा मासा, रोजच्या रोज. हे त्या मुलाला दाखवून देता येणं आणि वजनकाटा वापरायला लावणं म्हणजे सू शेफचं काम.

हे शिकायला पद मिळेपर्यंत थांबू नका. आजपासून तुमच्या सेक्शनवरच्या एका पदार्थाचं यील्ड, म्हणजे आलेल्या मालातून वापरण्याजोगा किती उरतो, ते काढा. माल स्वतः वजन करून उतरवून घ्या, बिल बघायला मागा. बहुतेक शेफ असं विचारणाऱ्या कॉमीवर खूश होतात. पहिलं आल्याचं पहिलं वापरायचं, इन्व्हेंटरी मोजायची, उद्याचा इंडेंट (मालाची मागणी) लिहायचा, ही कंटाळवाणी वाटणारी कामं स्वतःहून मागून घ्या.

क्रूझबद्दल. तो मार्ग वाईट नाही, पण पहिली नोकरी म्हणून मी तो सुचवत नाही. खर्च जवळजवळ नसल्यामुळे पैसे चांगले साठतात, हजारोंच्या जेवणाची शिस्त अंगात भिनते, अनेक देशांच्या लोकांबरोबर काम करायची सवय होते. पण काम ठरावीक असतं, मेन्यू वरून येतो आणि महिनोन् महिने एकच सेक्शन मिळू शकतो. करार बहुधा सहा ते नऊ महिन्यांचे, आणि आठवड्याची सुट्टी नसते. समुद्री कामगारांसाठीच्या २००६च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार २४ तासांत किमान १० तास आणि सात दिवसांत ७७ तास विश्रांती मिळायला हवी. यावरूनच कामाचा भार किती असू शकतो याचा अंदाज करा. जायचंच असेल तर सुरक्षेचं मूलभूत प्रशिक्षण आणि वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. नोकरी लावून देण्यासाठी तुमच्याकडून पैसे मागणारा एजंट टाळा. त्याच करारात उमेदवाराकडून नोकरीबद्दल शुल्क घ्यायला मनाई आहे. दोन-तीन वर्षं पक्का पाया झाल्यावर गेलात, तर जहाजावरही तुम्ही शिकाल आणि परतल्यावरही तुमची किंमत राहील.

रेस्तराँखेरीज इतर वाटाही आहेत : रुग्णालयाचं किचन, विमानाचं केटरिंग, अन्न कंपन्यांचा संशोधन विभाग, खासगी शेफ, शिकवणं. कुटुंबासाठी ठरावीक वेळ हवी असेल तर यांतल्या काही वाटा रेस्तराँपेक्षा खूप चांगल्या आहेत. त्यांना दुय्यम समजण्याचं काही कारण नाही. पण त्या प्रत्येक ठिकाणी विचारतात, ‘तुम्ही आधी लाइनवर, म्हणजे सर्व्हिसच्या वेळी सेक्शनवर उभं राहून, किती काम केलंय?’

नोकरी कधी बदलायची? शिकणं संपलं की. एका सेक्शनवर तुम्ही न बघता, न चिडता, पूर्ण रश काढू शकता आणि दुसऱ्याला ते काम शिकवूही शकता, असं झालं की शेफकडे पुढचा सेक्शन मागा. दोनदा मागूनही मिळाला नाही तर दुसरं किचन बघा. पहिल्या जागी किमान एक वर्ष, शक्य तर दीड. सगळे ऋतू आणि सगळे सण एकाच किचनमध्ये बघितल्याशिवाय माल कसा बदलतो ते कळत नाही. सोडताना नोटीस पूर्ण भरा, गर्दीच्या आठवड्यात सोडू नका आणि शेवटच्या दिवशी सेक्शन लेबलं लावून, वही देऊन सोडा. हे क्षेत्र बाहेरून मोठं दिसतं, पण तुमचा पुढचा शेफ तुमच्या मागच्या शेफला फोन करणारच.

दुसऱ्या मोठ्या किचनमध्ये काही दिवस बिनपगारी शिकायला जाणं, ज्याला स्टाज म्हणतात, ते उपयोगी असतं. मुदत आधी ठरवून घ्या. आठवडा-दोन आठवडे ठीक. महिनोन् महिने फुकट राबवून घेणाऱ्या ठिकाणी, नाव कितीही मोठं असो, तुम्ही शिकत नाही, त्यांच्या पगाराची बचत करता. आणि मारहाण, अंगाशी लगट, जातीवरून, धर्मावरून किंवा बाई म्हणून अपमान, हे ‘किचनमध्ये असंच असतं’ म्हणून कोणी सांगितलं तर ऐकू नका. तसं असावं लागत नाही. मी शांत किचनमध्येही तितक्याच वेगाने प्लेट्स निघताना पाहिल्या आहेत.

शरीराकडे आतापासून लक्ष द्या. दिवसाचे दहा-बारा तास उभं राहायचंय. न घसरणारे, टाचेला आधार देणारे बूट, रोज पाय ताणणं, जड पातेलं दोघांनी उचलणं. भाजलं तर बर्फ किंवा पेस्ट लावू नका, वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. तिकिटं कितीही लागलेली असोत, तेवढा वेळ घ्या. सर्व्हिसनंतर रोज पिण्याची सवय या धंद्यात फार सहज लागते आणि तिने हुशार माणसं गेलेली मी पाहिली आहेत. रात्री बारानंतर उरलेली शक्ती झोपेसाठी ठेवा.

स्वतःच्या रेस्तराँचं स्वप्न तुम्ही प्रश्नाच्या शेवटी ओझरतं लिहिलंय. ते असू द्या, पण त्याआधी दुसऱ्याचं एखादं नवं किचन उघडताना टीममध्ये राहा. मेन्यू ठरवण्यापासून चुलीच्या गॅसलाइनपर्यंत किती गोष्टी पहिल्या महिन्यात अडतात, ते दुसऱ्याच्या पैशांवर बघायला मिळतं.

तर आत्ता एवढं करा : हॉटेलला होकार कळवण्याआधी एक दिवसाची ट्रायल मागा, आणि चार सेक्शनमधून फिरवण्याचं आश्वासन नेमणुकीच्या पत्रात किंवा निदान ईमेलवर लिहून घ्या. कोणता सेक्शन आधी, हे विचारलं तर थंड सेक्शन सांगा, कारण तिथे सुरीचं काम आणि मांडणी दोन्ही भरपूर मिळतात. तिथून सॉसवर जायची इच्छा पहिल्याच दिवशी शेफच्या कानावर घाला.